डिस्क सुरू होते, पण आत काय आहे?

२०१२ साली एका रात्री माझ्या मॅकबुकची हार्ड डिस्क कट्-कट् आवाज करत गेली. सकाळी दहाला काम द्यायचं होतं. सुदैवाने बाहेरच्या डिस्कवर कार्बन कॉपी क्लोनरने केलेली हुबेहूब प्रत होती. ती जोडली, ऑप्शनची कळ दाबून धरली आणि थोड्या वेळात माझा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर! तेव्हापासून बॅकअप म्हणजे 'जिच्यावरून मशीन सुरू होतं ती डिस्क' हे डोक्यात पक्कं बसलं.

मागच्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा. जुन्यावरचं सगळं त्यावर आणलं आणि लगेच तशीच डिस्क करायला बसलो. तर म्हणे २०२० च्या बिग सरपासून सिस्टिमचा भाग सीलबंद असतो, नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही. मार्ग उरले तीन. एक, अ‍ॅपलच्याच साधनाने अख्खी डिस्क उतरवून घ्यायची. पण त्यात बाहेरची डिस्क आधी पूर्ण पुसली जाते. दोन, बाहेरच्या डिस्कवर सिस्टिम नव्याने टाकायची आणि मग आपला डेटा त्यात आणायचा. तीन, सुरू होण्याचा नाद सोडून फक्त डेटाची प्रत ठेवायची.

दोन दिवस मी पहिल्या दोघांतच घुटमळलो. मग कळलं, की या मशीनवर बाहेरच्या डिस्कवरून सुरू व्हायलासुद्धा आतली एसएसडी धड असावी लागते. म्हणजे ज्या रात्रीसाठी हा खटाटोप, नेमक्या त्याच रात्री तो कामाचा नाही!

हिरमुसून तिसरा मार्ग धरला. नवी प्रत करण्याआधी जुनी डिस्क बायकोच्या लॅपटॉपला जोडली आणि सहज 'आई' हा फोल्डर शोधला. नव्हताच.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला बोलतं केलं होतं. भाजणीचं प्रमाण, तिच्या माहेरचा वाडा, आजोबांचा राग, सगळं तिच्या आवाजात. पुढे कधीतरी डिस्क भरली म्हणून मीच त्या फोल्डरवरची खूण काढली होती आणि विसरलो होतो. डिस्क दर वेळी झकास सुरू व्हायची, त्यामुळे आत डोकावावंसं कधी वाटलंच नाही. सहा वर्षं आईचा आवाज फक्त त्या एका लॅपटॉपवर होता, जो मांडीवर घेऊन मी लोकलने फिरत होतो!

आता डेटाच्या दोन प्रती केल्यात. एक कपाटात, एक दादाकडे नाशिकला. सिस्टिम काय, इंटरनेटवरून पुन्हा मिळते. दर महिन्याला दुसऱ्या मशीनवर प्रत जोडून चार फायली उघडून बघतो. पहिली नेहमी भाजणीची.

असो. ताई, दिवाळीला येशील तेव्हा एक रिकामी डिस्क घेऊन ये. तिसरी प्रत तुझ्याकडे.