उंबरठ्यापासून मोजावयाचे अंतर

मुंबई आणि लंडनचे हीथ्रो या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे. थेट विमान ते साधारण दहा तासांत पार करते. लेकीकडे किंवा मुलाकडे निघालेल्या ज्येष्ठांना घरची मंडळी हाच आकडा सांगून धीर देतात. परंतु आपण नंदुरबार, शहादा किंवा तळोदा येथे राहत असाल, तर आपला प्रवास मुंबईत सुरू होत नाही. तो आपल्या उंबरठ्यावरच सुरू होतो.

नंदुरबार जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. तापीकाठच्या रेल्वेमार्गाने सुरत आणि तेथून मुंबई, असे सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचे अंतर सात-आठ तासांत कापावे लागते. वाटेत नवापूर लागते. या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत आहे. पुढे विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, तपासण्या, दहा तासांचे उड्डाण आणि उतरल्यावरच्या रांगा धरल्या, तर दहा तासांचा प्रवास सहज चोवीस तासांवर जातो.

शरीर हे सर्व तास मोजते. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वय, स्थूलता किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांमुळे तो आणखी वाढतो. म्हणून नवापूर आले की पावले वर-खाली हलवण्यास आरंभ करावा आणि विमानातही तो क्रम सोडू नये. अधूनमधून उठून चालावे, पाणी पीत राहावे. शक्य असल्यास मुंबईत एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी विमानात बसावे.

तोरणमाळ आपल्या परिचयाचे आहे. त्याची उंची साडेअकराशे मीटरांच्या आसपास आहे. उडत्या विमानाच्या आत मात्र हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका विरळ असतो, म्हणजे प्राणवायूही कमी मिळतो. निरोगी माणसास तो पुरतो. परंतु हृदयविकार, दमा किंवा रक्तक्षय असल्यास तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत सिकलसेल आजार आहे. अशा रुग्णांनी तर हा सल्ला टाळूच नये.

औषधांचे घड्याळही सांभाळावे लागते. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. इन्सुलिनची मात्रा आणि वेळ कशी बदलावी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन व रोजची औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते. परतताना पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे विमानास साथ देतात, म्हणून तेच अंतर थोडे लवकर संपते. झोपेचे वेळापत्रक मात्र तेव्हा अधिक विस्कटते.

आई-वडिलांना पाठवणाऱ्या मुलांनो, चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. आजार, औषधे आणि दोन्हीकडचे दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा. आणि किती तास लागतील, असे त्यांनी विचारले, तर घरापासून घरापर्यंतचे तास सांगा. तयारी त्याच आकड्यावर होते.