स्मिथ म्हणजे लोहार

मनुष्यास नाव आईबाप देतात. आडनाव मात्र त्याच्या जन्मापूर्वीच घरात येऊन बसलेले असते. ते निवडण्यात त्याचा काडीमात्र हात नसतो, तथापि त्याचे भूषण वा ओझे जन्मभर त्यालाच वाहावे लागते. मी शाळेत शिकत असता माझ्या आडनावाचे मला ओझेच वाटू लागले होते. ते एका विलायती आडनावाने कसे हलके केले, ही हकीकत आज विद्यार्थिमित्रांस सांगावीशी वाटते.

माझे आडनाव लोहार. माझे आजोबा ब्रह्मपुरीकडील एका खेड्यात लोहारकाम करीत. सकाळी हजेरीच्या वेळी माझे नाव पुकारले गेले, की मागच्या बाकावरून ‘ठण्‌, ठण्‌’ असा आवाज हटकून येई. मी वरकरणी हसत असे. पण मनातून फार कष्टी होई. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचे दिवस आले, तेव्हा मी वडिलांपाशी हट्ट धरला, की आपल्या गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून नवे आडनाव घ्यावे. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी अर्ज घडी करून कोनाड्यात ठेवून दिला.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला स्मिथ नावाच्या एका गृहस्थाचा धडा निघाला. मास्तरांनी विचारले, “स्मिथ या शब्दाचा अर्थ कोण सांगेल?” कोणीच हात वर केला नाही. तेव्हा मास्तरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘स्मिथ म्हणजे लोहार.’ सारा वर्ग वळून माझ्याकडे पाहू लागला. पण त्या दिवशी हसले मात्र कोणी नाही.

मास्तरांनी त्या तासाला जे सांगितले, त्यात पुढे स्वतःच्या वाचनाने भर घालून मी ते येथे देत आहे. ‘स्मिथ’ हा जुन्या इंग्रजीतील शब्द असून धातू घडविणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. ‘स्माइट’ म्हणजे प्रहार करणे, त्यावरून ‘स्मिथ’ झाला, असे पुष्कळांस वाटते; परंतु भाषापंडितांस ती व्युत्पत्ती मान्य नाही. मूळ अर्थ ठोकणारा असा नसून घडविणारा असा आहे. म्हणूनच सोने घडविणाऱ्यास इंग्रजीत ‘गोल्डस्मिथ’ म्हणतात, आणि काळ्या धातूचे, म्हणजे लोखंडाचे, काम करणाऱ्यास ‘ब्लॅकस्मिथ’.

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत तेथे वंशपरंपरागत आडनावे हळूहळू रूढ झाली. कोणास गावावरून, कोणास बापाच्या नावावरून, तर कोणास धंद्यावरून आडनाव मिळाले. आज स्मिथ हे इंग्लंडातील सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. अमेरिकेतही तीच गोष्ट. 2010 च्या तेथील शिरगणतीत 24 लाखांहून अधिक माणसे या आडनावाची निघाली.

आता कोणी विचारील, की लोहारांपेक्षा शेतकरी कितीतरी अधिक होते, मग शेतकऱ्याचे आडनाव पहिले का आले नाही? याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. गावात सारेच शेतकरी. तेव्हा एकास ‘शेतकरी’ म्हटल्याने ओळख कोणाची पटणार? लोहार मात्र गावोगाव असून प्रत्येक गावात बहुधा एकच. त्यामुळे ते नाव प्रत्येक ठिकाणी नेमके लागू पडले. फाळ, विळा, घोड्याचा नाल, दाराची कडी, यांपैकी काहीही हवे असले तरी लोकांस त्याच्याच दारी जावे लागे. म्हणून हे आडनाव केवळ इंग्रजांचेच नाही. जर्मनांचा श्मिट, फ्रेंचांचा लफेव्र, पोलंडचा कोवाल्स्की, हंगेरीचा कोवाच, अरबांचा हद्दाद, ही सारी लोहाराचीच घराणी. आपल्या गोव्यातील ख्रिस्ती बांधवांत आढळणाऱ्या फरेरा या पोर्तुगीज आडनावातही लोखंडच दडलेले आहे.

स्मिथ इतके झाले, की नुसत्या आडनावाने माणूस ओळखू येईना. आपल्या जुन्या चांदा जिल्ह्याचा 1869 चा जमाबंदीचा अहवाल मेजर लुसी स्मिथ या अधिकाऱ्याचा आहे. ‘लुसी’ हे जोडनाव नसते, तर हा कोणता स्मिथ असा प्रश्न पडता. 28 एप्रिल 1819 रोजी अजिंठ्याची लेणी पाहणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे नावही जॉन स्मिथच. त्याने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून ठेवले. हे कृत्य अनुकरणीय खचितच नव्हे! आणि नाव कोरले तेही असे, की ज्या नावाची माणसे त्याच्या देशात हजारांनी सापडावीत.

लोखंडाचे आणि आपल्या अरण्यप्रदेशाचे नाते तर फार जुने आहे. चांदा जिल्ह्यात त्या काळी आजचा गडचिरोली जिल्हाही मोडत असे. तो 1982 साली वेगळा झाला. येथे जंगलातील लाकडी कोळशावर लहान लहान भट्ट्यांत लोखंड गाळीत. लोहारा येथील खनिजाची कीर्ती इतकी पसरली, की व्हॉन श्वार्त्स नावाच्या युरोपीय तज्ज्ञाने चांद्याच्या लोखंडाविषयी अहवाल लिहिला आणि 1882 साली तो जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामास योग्य ठरला नाही, खाणींविषयीचे सरकारी नियमही जाचक होते, म्हणून तो बेत तेव्हा राहिला. टाटांची पोलाद कंपनी पुढे 1907 साली स्थापन झाली, तिचा कारखाना साकची येथे उभा राहिला. परंतु त्या स्वप्नाची पहिली ठिणगी आपल्या चांद्याच्या लोखंडातून उडाली होती. आज एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघत आहे.

असो. एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. स्मिथ आणि लोहार यांचा अर्थ एक असला, तरी दोघांचे नशीब एक नव्हे. विलायतेत धंदा सुटला आणि आडनाव तेवढे उरले. 1776 साली अर्थशास्त्राचा सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या अॅडम स्मिथला ‘तुझा भाता कोठे आहे?’ असे कोणी विचारले नसेल. आपल्याकडे धंदा सुटला तरी आडनावामागून जात येते, आणि जातीमागून पायरी येते. आमचे गोंड बांधव मडावी, आत्राम अशी आडनावे सांगतात, त्यावरून कुळ आणि देव कळतात व सोयरीक कोठे जुळेल ते ठरते. तो ओळखीचा उपयोग झाला. परंतु आडनावावरून माणसाची किंमत ठरविणे हा ओळखीचा उपयोग नसून दुरुपयोग होय. नासरेथच्या लोकांनीही येशूस सुताराचा मुलगा म्हणून हिणविलेच होते. प्रार्थनेच्या तासाला मी ते कितीदा तरी ऐकले होते. पण त्याचा अर्थ त्या आठवड्यात मनात उतरला.

रविवारी मी आजोबांकडे गेलो. ते ऐरणीपुढे बसून एका शेतकऱ्याची कुऱ्हाड शेवटत होते. मी मोठ्या उत्साहाने स्मिथची सारी कथा सांगितली आणि म्हणालो, “आबाजी, साहेबसुद्धा लोहारच!” आजोबांनी सांडशीतले लाल लोखंड पाण्यात बुडविले. चर्र झाले. मग ते म्हणाले, “साहेब लोहार असो का नसो, बापू, तुले नाव कायले बदलवाचं? लोक माह्याकडे नाव पाहून नाही येत, धार पाहून येतेत.”

मी निरुत्तर झालो. साहेबाच्या आडनावाने मला धीर दिला होता, हे खरे. परंतु माझ्या आडनावाची किंमत कळण्यास विलायतेपर्यंत जावे लागले, याची त्या क्षणी लाज वाटली. ती किंमत तर आमच्या छपरीत, राखेने भरलेल्या दोन हातांत होती.

घरी येऊन मी कोनाड्यातील अर्ज काढला आणि आडनावाच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘लोहार’ असे लिहिले. वडिलांनी सही केली. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. फक्त सही करण्यापूर्वी त्यांनी तो शब्द एकदा बोटाने पुसून पाहिला. शाई वाळली होती.