एका तारेचा कारभार

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांच्या काळ्या जमिनीत केळी वाढते हे सर्वश्रुत आहे, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जळगावच्या केळीची कीर्ती सरकारी दप्तरातही दाखल झालेली आहे. परंतु हिरव्या घडाचे पिवळ्या फळात जे रूपांतर व्हावयाचे, ते पूर्वीप्रमाणे वखारीत धूर कोंडून न होता, आता दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरलेल्या पफ पॅनेलच्या भिंतींआड, दार लावताच बाहेरच्या जगाशी संबंध तोडणाऱ्या खोल्यांत होऊ लागले आहे, ही गोष्ट डझनाने फळ घेणाऱ्या गृहस्थाच्या सहसा ध्यानी येत नाही. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत या खोल्यांना सर्वजण रायपनिंग चेंबर म्हणतात, आणि त्यांच्या आतील हवापाण्यावर पहारा करणारी उपकरणे बसविणे हा माझा व्यवसाय आहे.

कार्बाईडला कायद्याने मनाई असल्यामुळे येथे इथिलीन वायूचा अंमल चालतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर-दीडशे भाग, सोळा ते अठरा अंश उष्णता, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता, आणि फळाच्या श्वसनातून साचणारा कार्बन डायऑक्साइड वेळच्या वेळी बाहेर घालविण्याचा बंदोबस्त, एवढे जमले की फळ एकसारखे पिकते. तेराच्या खाली पारा गेला तर सालीवर काळपट छटा येते, आणि अठराच्या फार वर गेला तर गर मऊ पडूनही साल हिरवट राहते. त्यातही खोलीची हवा एक सांगते आणि फळ दुसरेच सांगते, कारण पिकणारी केळी स्वतः उष्णता सोडीत असते. म्हणून थप्पीच्या मधल्या क्रेटमधील एका केळ्याच्या गरात पोलादी नळीतला तापमापक खुपसून ठेवावा लागतो, आणि त्या केळ्याची साक्ष हीच मी ग्राह्य धरतो.

ही साक्ष बाहेर आणावयाची कशी, हा खरा प्रश्न. वायफायवर माझा प्रथमपासून विश्वास नाही. पत्र्याने मढविलेल्या खोलीतून रेडिओलहरी धड बाहेर पडत नाहीत, आणि पडल्या तरी उपकरणाला वीज पुरविण्यासाठी भिंतीवर २३० व्होल्टांचा ॲडॅप्टर लागतोच. त्या दमट हवेत त्याची पिन हिरवी पडते, आणि लोडशेडिंग झाले की ज्या घटकेला नोंदीची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच घटकेला दप्तर कोरे राहते.

म्हणून मी पॉवर ओव्हर इथरनेट ही तजवीज पत्करली; तीत संदेश आणि वीज एकाच केबलीतून जातात. ज्यांनी तारखात्याचा काळा टेलिफोन वापरला आहे त्यांना यात नवल वाटू नये. घरात अंधार असला तरी तो वाजत असे, कारण त्याची ४८ व्होल्टांची वीज एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून त्याच तारेवरून येत असे. २००३ साली ठरलेल्या नियमाने हीच रीत इथरनेटला लागू केली, आणि तिला शिष्टाचाराची जोड दिली. केबलीला वीज पुरविणारा स्विच ती एकदम सोडीत नाही. प्रथम तो दहा व्होल्टांच्या आतला दाब लावून पलीकडे पंचवीस हजार ओहमांचा रोध आहे की नाही याची शहानिशा करतो. तो ओळखीचा दाखला मिळाला, तरच पूर्ण दाबाचा हुकूम सुटतो. यामुळे त्याच केबलीला एखाद्याचा साधा लॅपटॉप जोडला गेला तरी त्यास अपाय होत नाही. बाजारात पॅसिव्ह नावाने मिळणारी स्वस्त साधने मात्र समोर कोण आहे हे न विचारता वीज ढकलतात. त्यांना मी दारात उभे करीत नाही.

स्विचने १५.४ वॅट द्यावेत आणि उपकरणाच्या पदरी १२.९५ पडावेत, हा या नियमातील आकडा अनेकांना गूढ वाटतो, पण त्याचा हिशेब सरळ आहे. केबलीचा जाण्यायेण्याचा रोध वीस ओहमांपर्यंत क्षम्य मानला असून, त्यातून साडेतीनशे मिलिअँपिअर वाहिले असता सुमारे अडीच वॅट वाटेतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतात. शंभर मीटर केबलीच्या शेवटासही पुरून उरेल एवढे हे उत्पन्न आहे, कारण तापमापकाची नोंद घेणाऱ्या माझ्या बोर्डाची भूक एक-दीड वॅटच्या आसपास असते.

हा बोर्ड बल्गेरियातील प्लोवदिव्ह या शहरी असलेल्या ऑलिमेक्स कंपनीचा. त्यावर शांघायच्या एस्प्रेसिफचा ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर असून बोर्डाचे आराखडे सर्वांना खुले आहेत. त्याचे दोन प्रकार मिळतात, आणि येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. साध्या प्रकारात केबलीची वीज आणि बोर्डाची वीज यांत विद्युत-विलगता नसते. तो केबलीवर चालू असताना यूएसबीने काँप्युटरशी जोडला, तर काँप्युटरच्या अर्थिंगशी त्या ४८ व्होल्टांची नको ती सोयरीक जुळून दोहोंसही धोका पोहोचतो. आयएसओ हे बिरुद लावणाऱ्या दुसऱ्या प्रकारात मध्ये ट्रान्सफॉर्मरची भिंत आहे. किंमत काहीशी अधिक पडते, पण कामगारांच्या हाताशी राहणाऱ्या जागी मी दुसराच बसवितो. शिवाय नवा प्रोग्रॅमही त्याच केबलीवरून पाठवितो, म्हणजे यूएसबीची गरजच राहत नाही.

बॅटरीच्या उपकरणांत मुरलेल्या तरुण अभियंत्यांना एक सवय मात्र येथे मोडावी लागते. दोन मोजमापांच्या मध्ये मायक्रोकंट्रोलरला गाढ झोपवून वीज वाचविणे हे त्यांचे ब्रीद. पण उपकरणाने दहा मिलिअँपिअरएवढा प्रवाह मधूनमधून घेतला नाही, तर ते काढून नेले असावे अशी समजूत करून घेऊन स्विच सेकंदाच्या अर्ध्याहूनही कमी मुदतीत पुरवठा तोडतो, पुन्हा ओळख विचारतो, पुन्हा वीज देतो, आणि बोर्ड जागा होऊन निजला की पुन्हा तोच प्रकार. काटकसरीला शिक्षा देणारा असा कारभार माझ्या पाहण्यात दुसरा नाही! तेव्हा बोर्डाला जागे ठेवावे, हे उत्तम.

सर्व खोल्यांच्या केबली एका स्विचपाशी आणि त्या स्विचपाशी एक यूपीएस, एवढ्यावर सगळी मदार राहते. वीज गेल्यावर कॉम्प्रेसर थांबेल आणि खोली तापेल, ते यूपीएसच्या आवाक्यातले नाही. परंतु ती किती तापली आणि किती वेळ, याची नोंद अखंड राहील, आणि माल नाकारणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलताना तेवढीच कामास येते. बोर्ड खोलीबाहेर, सावलीत असावा. आत केवळ तापमापक जावा. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालची जागा टाळलेली बरी. उघड्या शेतात, शंभर मीटरच्या पुढे आणि विजांच्या कडकडाटात, ही व्यवस्था मी सुचविणार नाही; तेथे सौरपट्टी आणि बिनतारी संदेशच योग्य.

सीसीटीव्ही बसविणाऱ्या मुलांमुळे हे स्विच आता तालुक्याच्या गावीही मिळतात, पण केबलीच्या बाबतीत फसवणूक चालते. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार तांब्याची म्हणून विकली जाते, आणि तिचा वाढीव रोध वरील सगळा हिशेब बिघडवितो. म्हणून चेंबर बांधणाऱ्यांना एवढीच विनंती, की पेटी घेण्यापूर्वी दुकानातच केबलीचे टोक सोलावे, तार चाकूने खरवडावी, आणि आत पांढरी चकाकी दिसली तर ती पेटी तेथेच परत करावी.