पाच ते सात

आगमन काळाचा पहिला रविवार आला की आम्ही माळ्यावरून एक खोका खाली काढतो. त्यात ऑलिव्हच्या लाकडात कोरलेला नाताळगोठा आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता धर्मग्रामातील चाळीस भाविकांसह पवित्र भूमीची यात्रा करून आलो, तेव्हा बेथलेहेममधल्या एका लहानशा दुकानातून तो विकत घेतला. खोक्याच्या तळाशी पावतीचा एक तुकडा जपून ठेवला आहे. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले दोन अरबी आकडे आहेत. वाचकांना आज त्या दोन आकड्यांविषयी सांगावयाचे आहे.

जेरुसलेमहून बेथलेहेम जेमतेम दहा किलोमीटर. विरार स्टेशनवरून अर्नाळ्याला जावे इतकेच. आमच्या बसमध्ये भर फेब्रुवारीत नाताळगीते सुरू झाली होती. गाव दृष्टीस पडण्याआधी मात्र भिंत दिसली आणि गाणे आपोआप थांबले. आठ मीटर उंचीचे करड्या काँक्रीटचे पत्रे एकाला एक लावून उभे केल्यासारखी ती भिंत आहे. २००२ साली तिचे काम सुरू झाले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस याच गावात वाहनातून उतरून या भिंतीला कपाळ टेकवून प्रार्थना करीत उभे राहिले होते. ते छायाचित्र आम्ही पूर्वी पाहिले होते. परंतु छायाचित्रात भिंतीची उंची कळत नाही.

दुकानदार बोलका गृहस्थ होता. आम्ही दोघेच मागे रेंगाळलो असे पाहून त्याने त्या रात्री आम्हांला घरी जेवायला बोलावले. अरबांचे आदरातिथ्य आम्ही ऐकून होतो. त्या रात्री ते अनुभवले. घरात त्याचे थोरले बंधू होते. वय त्रेपन्न, हात दगडासारखे. जेरुसलेमच्या पश्चिम भागात इमारतींत फरशा बसविण्याचे काम ते तीस वर्षे करीत होते. इंग्रजी त्यांना बेताचेच येई; धाकटा भाऊ दुभाष्याचे काम करी.

त्यांच्या वडिलांच्या काळी जेरुसलेमला जाण्यास केवळ बसभाडे लागे. १९९१ पासून प्रत्येकाला स्वतंत्र परवाना आवश्यक झाला आणि १९९३ मध्ये नाकेबंदी कायमची झाली. कामाचा परवाना हवा तर आधी सुरक्षा खात्याची संमती हवी, बोटांचे ठसे असलेले कार्ड हवे आणि तिकडचा मालक हवा. परवान्यावर त्या मालकाचेच नाव असे. त्याने काढून टाकले की परवानाही गेला. मालक मिळवून देण्यास दलाल होतेच. ‘महिन्याला दोन हजार शेकेलांहून जास्त त्याला द्यावे लागतात,’ ते म्हणाले. ‘पहिले आठ दिवस मी दलालासाठी फरशा बसवतो.’ पुढे २०२० च्या अखेरीस बांधकाम मजुरांना मालक बदलण्याची मुभा मिळाली, तरी दलाल काही नाहीसे झाले नाहीत. मग असे काम करावयाचे कशाला, असे आम्ही विचारले. उत्तर साधे होते. गावात काम मिळाले तरी मजुरी निम्म्याहूनही कमी.

ईस्टरला ख्रिस्ती कुटुंबांना सणापुरते परवाने मिळत. एका वर्षी त्यांचा व दोन मुलांचा आला, पत्नीचा आला नाही. पुढच्या वर्षी तिचा आला, ह्यांचा नाही. आम्ही भारतातून येऊन सकाळीच पवित्र कबरीच्या मंदिरात गुडघे टेकून आलो होतो, हे सांगण्याचे आमच्या जिवावर आले. त्या माउलीने मात्र स्वतःच विचारले, ‘तिथे आज गर्दी होती का?’

बंधूंना एका गोष्टीची मोठी आशा होती. पंचावन्न वर्षांवरील पुरुषांना कामासाठी नव्हे, पण नुसते जाऊन येण्यासाठी परवाना लागत नसे. ‘आणखी दोन वर्षे,’ ते दोन बोटे दाखवून म्हणाले. म्हातारपणाची इतक्या उत्सुकतेने वाट पाहणारा माणूस आम्ही पूर्वी पाहिला नव्हता.

परवान्याच्या वेळा विचारल्या तेव्हा त्यांनी आमच्याच पावतीच्या पाठीवर दोन आकडे लिहिले. पहिला आकडा आम्ही शून्य असा वाचला. ते हसले, हाताचा पंजा उघडून पाच बोटे दाखविली. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो. दुसरा आकडा होता सात. पहाटे पाच ते संध्याकाळी सात. सातच्या आत परतलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला दुकानदाराने आम्हांला त्या चौकीजवळ नेले. तीनशे क्रमांकाची चौकी म्हणून ती ओळखली जाते. भिंतीला लागून लोखंडी गजांची एक लांब, अरुंद गल्ली, वर छप्पर, आणि त्या गल्लीत खांद्याला खांदा लावून उभी असलेली शेकडो माणसे. हेब्रॉनकडील माणसे दोन वाजताच घरून निघालेली. काही तरुण बाहेरून गजांवर चढून, इतरांच्या डोक्यांवरून सरकत पुढे जात होते. कडेला वेलची घातलेली कॉफी आणि तीळ लावलेला लांबट पाव विकणारे होते. एक म्हातारा पुठ्ठ्यावर नमाज पढत होता. विरारच्या लोकलने तीस वर्षे प्रवास केलेली आम्ही माणसे. गर्दीचे आम्हांला अप्रूप नाही. पण लोकलच्या दारात कोणी अंगठा तपासून माणसाला घरी परत पाठवीत नाही. येथे ते घडत होते. एक माणूस रांगेच्या उलट दिशेने वाट काढीत बाहेर आला, डबा हातात तसाच. त्याला कोणी काही विचारले नाही.

बंधू चार वाजता रांगेत शिरले. पलीकडे गेल्याचा त्यांचा फोन आला तेव्हा सहा वाजून गेले होते. त्यानंतर आठ तासांचे काम, आणि मग उलटा प्रवास.

त्याच सकाळी नऊ वाजता आमची बस त्या नाक्यावरून जेरुसलेमकडे निघाली. विशीच्या आतली एक शिपाई मुलगी बंदूक सावरीत वर चढली. ‘इंडिया,’ मार्गदर्शक म्हणाला. ती ‘नमस्ते’ म्हणाली, हसली आणि उतरली. दोन मिनिटेही लागली नाहीत. कोणीतरी पुन्हा जपमाळेला आरंभ केला. त्या दिवशी आमच्या ओठांवर शब्द होते. मन मात्र गजांच्या गल्लीत होते.

त्याच दिवशी दुपारी जेरुसलेमच्या बाजारात आमचे मराठी ऐकून एक वृद्ध बाई थबकल्या. ‘कुठले हो तुम्ही?’ रेवदंड्याकडच्या बेने इस्रायल कुटुंबातल्या त्या. साठच्या दशकात इकडे आल्या. कोकणातले लोक इतक्या दूर भेटावेत याचा त्यांना आणि आम्हांला सारखाच आनंद झाला. सकाळी पाहिलेले आम्ही त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्या वर्षांत बस फुटायच्या. मुलगा कामाला गेला की तो येईपर्यंत मी खिडकीत. भिंत झाल्यावर मी खिडकी सोडली.’ त्यांचा नातू तेव्हा सैन्यात होता. कुठल्याशा नाक्यावर उभा असे. त्यांचे बोलणे खोटे नव्हते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये, वेस्ट बँकच्या भूमीत घुसून बांधलेली ही भिंत कायद्याविरुद्ध आहे असे मत दिले, तेही आम्हांला पटते. दोन्ही गोष्टी मनात वागवीत आम्ही घरी आलो.

नाताळला त्या कुटुंबाशी शुभेच्छांची देवाणघेवाण चालू राहिली. २०२० मध्ये बंधू पंचावन्न वर्षांचे झाले, तेव्हा महामारीने सारेच बंद केले होते. पुढे २०२२ मध्ये ते दोनदा पवित्र कबरीच्या मंदिरात जाऊन आले. पत्नीही बरोबर होती. दोघांचे छायाचित्र आमच्याकडे आहे. मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० जीव गेले, अडीचशेच्या आसपास माणसे ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार ६०,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या आकड्यांपुढे एका फरशी कारागिराचे दुःख ते काय! तरीही सांगतो. वेस्ट बँकमधील दीड लाखाच्या आसपास मजुरांचे परवाने एका फटक्यात स्थगित झाले. थोड्या हजारांनाच पुढे कामावर घेतले गेले. वयाची सवलतही बंद झाली. यात्रेकरू येईनात, म्हणून धाकट्याचे दुकानही मिटले. २०२३ आणि २०२४ च्या नाताळात गव्हाणीच्या चौकात झाड उभे राहिले नाही. वहिनीच्या बांगड्या गेल्याचे दुकानदाराने एका ओळीत कळविले.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमचा पुतण्या टाइल्स बसविण्याचे काम करतो. नालासोपाऱ्याच्या एका ठेकेदाराने त्याचे पैसे बुडविले, वर घराचे कर्ज. भारतीय कामगार इस्रायलला पाठविण्याचा करार युद्धापूर्वीच, मे २०२३ मध्ये झाला होता; युद्धानंतर त्या भरतीला वेग आला. शटरिंग, लोखंडकाम, प्लास्टर आणि टाइल्स, अशा कारागिरांना मागणी होती. २०२४ मध्ये महाराष्ट्रातही भरती झाली. पुतण्या पुण्याला चाचणी देऊन उत्तीर्ण झाला. महिना लाखावर पगार. ‘काका, जाऊ का?’ असे विचारीत तो आमच्यापुढे बसला.

आम्ही त्याला बेथलेहेमच्या बंधूंविषयी सारे सांगितले. ती जागा कोणाची आहे तेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, ‘मी नाही गेलो, तर त्यांना परत बोलावतील का?’

द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यावर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली. सर्व धनी किती उदार यावरच असतात. संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभे राहिलेल्यांनी त्या दिवशी मनात काय काय आणले असेल, याविषयी कोणी बोलल्याचे स्मरत नाही. पुतण्याला आम्ही ‘जा’ म्हणालो नाही आणि ‘जाऊ नकोस’ असेही म्हणू शकलो नाही. निघताना त्याच्या हाती जेरुसलेमहून आणलेली जपमाळ दिली.

तो तेथे पोचल्याचे बेथलेहेमला कळवावे की नाही, यावर आम्हा उभयतांत बरेच दिवस मतभेद होता. शेवटी कळविले. उत्तर तीन दिवसांनी आले: ‘भाऊ विचारतो, मुलाला थंडीचे कपडे आहेत ना?’

काही आठवड्यांनी पुतण्याने एक छायाचित्र पाठविले. इमारत ऑक्टोबर २०२३ पासून अर्धवट पडून होती. काम जिथे थांबले होते तिथूनच त्याला पुढे न्यावयाचे होते. भिंतीवर आधीच्या कारागिराने पेन्सिलीने पातळीच्या खुणा करून मापे लिहिली होती, अरबी आकड्यांत. त्याने लिहिले होते, ‘काका, दोन आणि तीन आपल्यासारखेच दिसतात, पण मध्ये हे शून्य कसले? माप जुळत नाही.’

आम्ही माळ्यावरचा खोका काढला, पावतीचा तुकडा पाहून खात्री करून घेतली आणि त्याला कळविले की ते शून्य नव्हे, पाच आहे.

थोड्या वेळाने त्याचा निरोप आला. माप बरोबर जुळले होते.