सैल लगाम

आज बिजली मिनी ट्रेनचे रूळ ओलांडून पलीकडे गेली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

घोडी अवघी 3 वर्षांची. माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे लाल मातीच्या या वाटांवर घोड्याचा मोठा आधार. पण वाट घोड्यालाही शिकवावी लागते. पहिला महिनाभर तिच्या पाठीवर कोणी बसलंच नाही. दोर हातात धरून मी नुसता खांद्याशी चालत राहिलो. मग रिकामं खोगीर चढवलं. आता कुठे मी स्वार होतो, तेही अर्धाच तास.

परवा रुळांपाशी ती थबकली. कान टवकारलेले, नाकपुड्या फुललेल्या, अंगभर थरथर. कुणीतरी म्हणालं, "छडी मार." मी मारली नाही. घोड्याला अगदी नाकासमोरचं, पायाजवळचं दिसत नाही. त्यासाठी त्याला मान खाली घालावी लागते. मी उतरलो, लगाम सैल सोडला. तिनं रूळ हुंगला, फुरफुरली, मागे सरली. थरथर थांबेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो आणि मग परतलो. कालही तेच.

आज तिनं आपणहून पाय उचलला. नाल रुळावर खणकन वाजली. ती दचकली, एक कान माझ्याकडे वळवला. "चल गं," एवढंच म्हणालो. ती गेली.

धाकानं घोडा चालतो, पण वाटेवर साथ देतो तो विश्वासानंच. नवख्या घोड्यावर बसाल तेव्हा टाच मारू नका, ओरडू नका. त्याला आधी वाट नीट पाहू द्या.