विजेची मोटार आणि मास्तरांचा हिशेब

आमच्या कन्हेरीत मारुतीचे देऊळ आहे आणि माझ्या दारात मारुतीचीच मोटार. देवाला श्रद्धा पुरते, मोटारीला पेट्रोल लागते. आणि तेही शंभरीपार! म्हणून यंदा विजेच्या मोटारीचा विषय घरात निघाला.

सौभाग्यवतींनी वही पुढ्यात ठेवली. पेट्रोलवर किलोमीटरला साडेसहा रुपये, घरच्या विजेवर दोन; वाचले साडेचार. बारामतीचे कॉलेज, बाजार, अधूनमधून पुणे, मिळून माझे वर्षाचे किलोमीटर ८,०००. म्हणजे बचत ३६,०००. किमतीतला फरक ३ लाखांचा. तो फिटायला आठ वर्षे उलटावी लागतात. आणि बॅटरीची हमी बहुधा आठच वर्षांची! नफ्याचा श्रीगणेशा होण्याआधीच हमीची इतिश्री.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. पण आम्हांला लागतो दिवेघाट. पुण्याला जाताना उतारावर तो बॅटरीत चिमूटभर वीज टाकतो आणि परतताना चढावर व्याजासकट वसूल करतो.

मग ही निव्वळ चैनच का? तसे नव्हे. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्याचे हेच ३ लाख दोन वर्षांच्या आत फिटतात. शिवाय पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने वायर सोडायची कुठून? आम्हांला अंगण आहे. रात्रभर गाडी निवांत भरावी. या बाबतीत खेडे शहराच्या पुढे आहे.

पण नुसते अंगण असून भागत नाही, गाडीला कामही हवे. दावणीच्या बैलाला पेंड चारून शेत नांगरले जात नाही. मुलीच्या शिक्षणाला ठेवलेले ३ लाख मी तूर्त अंगणात उभे करणार नाही.