रस्सीच्या अलीकडे

आयर्विन पुलाखाली कृष्णा किती फुटांवर आहे आणि यंदा उसाला पहिली उचल किती मागितली, हे सांगायला मला कागद लागत नाही. सांगलीतल्या केबल वाहिनीच्या वार्ताहराचं एवढ्यावर भागतं. पण संपादकांनी २६ नोव्हेंबरसाठी, म्हणजे मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या दिवसासाठी, विषय काढला : दहशतवादाशी लढायला आपण दुसऱ्या देशांकडून काय शिकलो? या विषयातलं माझं सगळं शिक्षण थिएटरात झालेलं. काळे कपडे, दोरावरून उतरणं, शेवटी तिरंगा. "इस्रायलचं काहीतरी बघ," म्हणाले आणि फोन ठेवला.

इस्रायलचं बघायला गेलो आणि पोचलो जर्मनीत. म्युनिक ऑलिंपिक, ५ सप्टेंबर १९७२. आठ पॅलेस्टिनी अतिरेकी खेळाडूंच्या वसाहतीत घुसले आणि त्यांनी इस्रायली चमूतल्या लोकांना ओलीस धरलं. सुटकेसाठी पोलीस ट्रॅकसूट घालून छपरावर चढले. बाहेरचे कॅमेरे ते जगाला दाखवत होते आणि आत अतिरेक्यांच्या खोलीतही टीव्ही चालू होता! बेत गुंडाळावा लागला. रात्री विमानतळावर आठ जणांसाठी नेमबाज ठेवले पाच, तेही खास तयारीचे नव्हेत, आणि एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडे वायरलेस नाही. एकूण अकरा इस्रायली मारले गेले. एवढ्या पुढारलेल्या देशाची ही तऱ्हा वाचून मी चाट पडलो. मग आठवलं, २००८ साली मुंबईवरच्या त्या हल्ल्यात नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते, तेव्हा मीच घरातल्या सगळ्यांना हाका मारून टीव्हीपुढे बसवलं होतं. पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही तेच बघत होते. मधे छत्तीस वर्षं गेली होती.

जर्मनांनी म्युनिकनंतर लगेच 'जीएसजी-९' नावाचं पथक उभं केलं. नावाचा अर्थ साधारण 'सीमा रक्षक गट ९', म्हणजे ऐकणाऱ्याला काहीच कळू नये असा. १९७७ मध्ये याच पथकाने सोमालियात मोगादिशूला अपहृत विमानातून ओलिसांना सोडवलं. आपली एनएसजी ही कमांडो फौज १९८४ मध्ये उभी राहिली, ती ब्रिटनचं एसएएस आणि हे जर्मन पथक नजरेपुढे ठेवून. एवढं भांडवल घेऊन मी साताऱ्यात एका निवृत्त फौजदारांकडे गेलो आणि ऐटीत विचारलं, "मग आबा, जिल्ह्याला एकेक एनएसजी का देत नाहीत?"

"पावणं, एनएसजी मुंबईत कधी पोचली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"आणि कसाब कधी घावला?"

"आदल्या रात्रीच."

"धरला कुणी?"

हे येत होतं. मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे, गाव जावळी तालुक्यातलं केडंबे.

"हातात काय होतं?"

"काठी."

आबांनी चहा पुढे सरकवला. वायरलेसवर हल्लेखोरांच्या गाडीची खबर आली, गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती, म्हणून गाडी थांबली. ओंबळ्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं. नाकाबंदी म्हणजे लायसन आणि पावती, एवढीच माझी समजूत. एनएसजीची केंद्रं नंतर मुंबईसह चार शहरांत आली, राज्याने 'फोर्स वन' हे स्वतःचं कमांडो पथक काढलं, हे आबांनी एका दमात उरकलं. नाकाबंदीवर मात्र चहाचा दुसरा कप झाला.

पुढे पोलिसांच्या एका मॉक ड्रिलची खबर लागली, तिथे कॅमेरा घेऊन हजर झालो. बाकाखाली बेवारस बॅग. बॉम्बशोधक पथकाचं कुत्रं आलं, वास घेत फिरलं. ते भुंकेल तो क्षण टिपायचा म्हणून मी फोकस लावून तयार. कुत्रं बॅगेजवळ गेलं आणि मुकाट खाली बसलं. "दमलं वाटतं," मी शेजारच्या शिपायाला म्हणालो. तो हसला. "घावलं की बसायचं, हेच शिकवल्यालं असतंय त्याला. भुंकून, पंजा मारून बॅग उडाली तर?"

कसाबच्या निकालात, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर वाहिन्यांना खडे बोल सुनावले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत कलमच आलं : दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट चित्रण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं. माझ्याच धंद्याचा नियम, आणि तो मला या लेखाच्या निमित्ताने कळला.

त्या मॉक ड्रिलला मात्र बॅगेपाशी काय चाललंय ते नीट दिसेना, म्हणून मी रस्सीखालून वाकून एक पाऊल आत टाकलं. मघाचाच शिपाई आडवा आला.

"मागं सरा. साहेब माहिती देतील."

"कधी?"

"संपल्यावर."